पीयूसीत गाडी नापास? आधी आकडे मागा

जुनी पेट्रोल गाडी पीयूसीत नापास झाली की बऱ्याच गॅरेजमध्ये पहिला शब्द निघतो 'कॅटलिटिक कन्व्हर्टर'. धुरातले विषारी वायू कमी करणारा हा भाग, आणि नेमका तोच महाग. त्याआधी सेंटरवाल्याकडून सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आणि एचसीचे (हायड्रोकार्बन, म्हणजे न जळलेलं पेट्रोल) आकडे मागून घ्या. आयडलवर (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) बीएस-३ (भारत स्टेज, प्रदूषणाच्या सरकारी नियमांचा टप्पा) कारला मर्यादा सीओ ०.५ टक्के आणि एचसी ७५० पीपीएम. बीएस-४ ला ०.३ आणि २००.

१. सीओ जास्त, एचसी ठीक: पेट्रोल जास्त, हवा कमी. एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरा. उजेड आरपार येत नसेल तर बदला. कार्बोरेटरची गाडी असेल तर चोक पूर्ण उघडतोय का पाहा. मग ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) तपासा.

२. एचसी जास्त, सीओ ठीक: बहुधा एखादा सिलिंडर मिसिंग करतोय, म्हणजे त्यात पेट्रोल नीट पेटत नाही. इंजिन थंड झाल्यावर स्पार्क प्लग काढा. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. काळी काजळी किंवा तेलाचा ओलावा दिसला तर गडबड तिथेच. प्लगच्या वायरी आणि तडकलेले व्हॅक्यूम पाइपही तपासा.

३. दोन्ही जास्त: आता कन्व्हर्टरवर संशय घ्यायला हरकत नाही. पण आधी गाडी पंधरा-वीस मिनिटं पळवून, गरम असतानाच पुन्हा टेस्ट करा. थंड इंजिनावर धडधाकट गाडीही नापास होऊ शकते. सेंटर दोन गल्ल्या सोडून असेल तर हमखास असं होतं.

मिसिंग शोधायला चालू इंजिनावर प्लगची वायर उपटू नका. झटका जबर बसतो, आणि न जळलेलं पेट्रोल चांगल्या कन्व्हर्टरची वाट लावतं.