स्वयमचा कोर्स सावडीनं कसा पुरा करायचा

भुईमूग काढायला सावड करतात, आज तुमच्या रानात, उद्या आमच्या. ऑनलाइन कोर्सचा गट तसाच चालवायचा. फक्त इथं प्रत्येकानं आधी आपापलं रान एकट्यानं नांगरून यायचं.

याचं कारण गुणांच्या मांडणीत आहे. स्वयम या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर आयआयटीसारख्या संस्थांचे एनपीटीईएल नावाचे कोर्स असतात. त्यांत दर आठवड्याच्या असाइनमेंटना मिळून २५ गुण आणि केंद्रावर बसून द्यायच्या परीक्षेला ७५. प्रमाणपत्रासाठी २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३० असे दोन्ही वेगवेगळे पडावे लागतात. व्हॉट्सॲपवरची उत्तरं उतरवून २५ पैकी २५ मिळवले आणि परीक्षेत २८ पडले, तर बेरीज ५३ होते, पण प्रमाणपत्र मिळत नाही. गट हवा तो या ७५ साठी.

सुरुवात सहा जणांनी करा; दोनेक जण गळतातच. दोघांचाच गट एक जण आजारी पडला की मोडतो आणि दहा जणांत चौघं नुसती मान डोलावतात. सांगली, मिरज, तासगाव असे विखुरलेले असाल तर विश्रामबागेसारखी सगळ्यांना एसटीनं गाठता येईल अशी जागा आणि वार आधीच ठरवा. वार असाइनमेंटच्या मुदतीच्या किमान दोन दिवस आधीचा असू द्या. मुदतीच्या रात्री भेटलात तर चर्चा होत नाही, नक्कल होते.

जुलैच्या सत्रात कॅलेंडर समोर घेऊन बसा. कृष्णेच्या पुराचं पाणी, गणपती आणि द्राक्षबाग असलेल्यांची ऑक्टोबर छाटणी, तिन्ही याच काळात येतात. १२ आठवड्यांच्या कोर्समध्ये सर्वोत्तम ८ असाइनमेंट धरतात, ८ आठवड्यांच्या कोर्समध्ये ६. ही सवलत अशा आठवड्यांसाठी राखून ठेवा; पहिल्याच महिन्यात आळसानं उडवू नका.

भेटीला येण्याआधी व्हिडिओ पाहून झालेले, असाइनमेंट एकट्यानं सोडवलेली, आणि जिथं अडलं तिथली मिनिटं वहीत टिपलेली हवीत. घरी रेंज धड नसेल तर व्हिडिओ आधीच उतरवून घ्या. बैठक दीड तासाची पुरे. पहिली १० मिनिटं प्रत्येकानं आपला एकच अडलेला मुद्दा सांगायचा. मग ज्याला तो मुद्दा जड गेला त्यालाच फळ्यापुढे उभं करायचं, बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे. हुशार सभासदाला खडू दिला की तो उत्तम शिकवतो आणि बाकीचे उत्तम विसरतात. उत्तरं जुळली नाहीत तर पर्याय मोजू नका, पायऱ्या ताडून बघा. बहुमत चुकीच्या उत्तराकडेही झुकतं, विशेषतः सगळ्यांनी एकाच ठिकाणाहून उचललेलं असेल तर.

१० मिनिटांत सुटलं नाही तर कोर्सच्या चर्चामंचावर टाका. ‘मला तिसरा आठवडा समजला नाही’ याला उत्तर येणं कठीण. असं लिहा: ‘आठवडा ३, दुसरं व्याख्यान, १२ मिनिटं ४० सेकंद. इथं चिन्ह का बदललं? माझी रीत अशी, उत्तर उणे २ येतं, सरांचं अधिक २.’ आधी हाच प्रश्न कुणी विचारलाय का ते शोधा. इंग्रजी अडत असेल तर दोघांनी मिळून लिहा. तिथं व्याकरणाला गुण नसतात. मुदत संपण्याआधी असाइनमेंटची उत्तरं मात्र तिथंही टाकू नका आणि आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही नको. ते नियमात बसत नाही.

ग्रुपवर गुड मॉर्निंग बंद. एक गुगल शीट ठेवा, रकाने चारच: नाव, पाहिलेली व्याख्यानं, असाइनमेंट भरली का, कुठं अडलं. सलग दोन आठवडे रकाना रिकामा दिसला तर त्या सभासदाला फोन करा. मेसेज पाहून न पाहिल्यासारखं करता येतं.

परीक्षेचा फॉर्म सगळ्यांनी एकाच बैठकीत भरा. शिकणं फुकट असलं तरी परीक्षेला फी आहे, आणि जवळच्या केंद्रावरच्या जागा मर्यादित असतात. परीक्षेच्या दोन आठवडे आधी जुन्या असाइनमेंटमधले प्रश्न मिसळून एक पेपर तयार करा, फोन पिशवीत घाला आणि सलग तीन तास सोडवा.