एचटी मोटरच्या टेस्ट बेंचचा सप्लाय: या चुका टाळा

साखर कारखान्यातल्या फायब्रायझरची किंवा उपसा सिंचनाच्या पंपाची मोटर रिवाइंडिंगला येते, तेव्हा ती कधी ३.३ केव्हीची असते, कधी ६.६, तर कधी ११. त्यामुळे वर्कशॉपला शून्यापासून चढवता येणारा एचटी (हाय टेन्शन, म्हणजे उच्च दाबाचा) सप्लाय लागतो. रचना साधारण ठरलेली असते: ४१५ व्होल्टवर रोलर काँटॅक्टचा रेग्युलेटर (रोलर सरकवून व्होल्टेज कमी-जास्त करणारा) आणि त्यापुढे स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर. एचटी वाइंडिंगचे दर फेजला दोन भाग असतात. ते सिरीज किंवा पॅरलल, स्टार किंवा डेल्टा असे लिंकने (जोडणी बदलायच्या पट्ट्यांनी) जोडून व्होल्टेजच्या चार रेंज मिळतात. मोठ्या चुका होतात त्या या चार रेंजना एकच सप्लाय समजल्यामुळे. लिंक बदलली की करंट, अर्थिंग आणि रिलेचं (बिघाड ओळखून ब्रेकर ट्रिप करणाऱ्या उपकरणाचं) सेटिंग सगळंच बदलतं.

नुसता केव्हीए बघणे

५०० किलोवॅट, ६.६ केव्हीची मोटर घ्या. फुल लोड करंट सुमारे ५५ अँपिअर. नो-लोडला त्याच्या ३० टक्के धरला तर १७ अँपिअर, म्हणजे साधारण १९५ केव्हीए (व्होल्टेज आणि करंटच्या गुणाकारावरून निघणारी क्षमता). लॉक रोटर टेस्टला (रोटर फिरू न देता केलेल्या) पूर्ण ५५ अँपिअर लागतात, पण व्होल्टेज सुमारे एक षष्ठांश, ११०० व्होल्ट. म्हणजे जेमतेम १०५ केव्हीए. हे दोन आकडे पाहून २५० केव्हीएचा सेट मागवला जातो आणि लॉक रोटरला तो ओव्हरलोडवर ट्रिप होतो. कारण रेग्युलेटर आणि ट्रान्सफॉर्मर दोघांनाही मर्यादा करंटची असते. व्होल्टेज खाली आणलं म्हणून वाइंडिंग जास्त करंट सोसत नाही. २५० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर ३.६४ केव्हीच्या सर्वांत खालच्या जोडणीतही ४० अँपिअरच देतो. इथे ४०० केव्हीए घ्यावा, नाहीतर अल्पकाळाचं रेटिंग ऑर्डरमध्येच स्पष्ट लिहून घ्यावं.

व्होल्टेज काठावर ठेवणे

एचटी बाजू नेमकी ११ केव्ही स्टार ठेवली, तर बाकीच्या जोडण्यांत ६.३५, ५.५ आणि ३.१८ केव्ही मिळतात. ६.६ पाहिजे तर ११च्या रेंजमध्ये जावं लागतं, ३.३ साठी ५.५च्या, आणि दोन्हीकडे उपलब्ध करंट कमी होतो. १२.६ केव्ही ठेवलं तर ७.२७, ६.३ आणि ३.६४ मिळतात, तिन्ही मोटरांना किमान दहा टक्के जागा राहते. मात्र १२ केव्ही वर्गाचा ब्रेकर, बुशिंग आणि पीटी (व्होल्टेज मोजायचा छोटा ट्रान्सफॉर्मर) तिथे चालणार नाही. वरचा वर्ग घ्या.

डेल्टातला अर्थ फॉल्ट

मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. स्टार जोडणीत न्यूट्रल रेझिस्टरमधून अर्थ केलेला असतो. फॉल्ट झाला की करंट वाहतो आणि रिले ट्रिप देतो. डेल्टा केली की न्यूट्रलच उरत नाही. एखादी फेज बॉडीला टेकली तरी वाहतो तो फक्त केबल आणि वाइंडिंगच्या कपॅसिटन्सचा करंट. रिले गप्प राहतो. बाकीच्या दोन फेज मात्र जमिनीच्या तुलनेत १.७३ पट चढतात, आणि फॉल्ट ठिणग्या मारत असेल तर त्याहूनही जास्त. नव्याने भरलेल्या वाइंडिंगवर हा ताण येतो. एका फेजचा पीटी शून्याकडे गेला आणि दोन वर चढले, पण ट्रिप नाही, असं दिसलं तर हेच कारण.

उपाय दोन. एक, एचटी बसवर झिगझॅग अर्थिंग ट्रान्सफॉर्मर (न्यूट्रल नसलेल्या सप्लायला कृत्रिम न्यूट्रल देणारा) आणि रेझिस्टर कायमचा लावणे. तो लावला तर स्टारचा न्यूट्रल वेगळा अर्थ करू नका. दोन, ओपन डेल्टा पीटीवर (तिन्ही फेजच्या व्होल्टेजची बेरीज देणाऱ्या जोडणीवर) न्यूट्रल डिस्प्लेसमेंट रिले; अर्थ फॉल्टने ही बेरीज वाढली की तो उचलतो. फेरोरेझोनन्स (पीटीचा कोअर आणि कपॅसिटन्स मिळून व्होल्टेज बेभान होणं) टाळायला ओपन डेल्टावर डॅम्पिंग रेझिस्टर हवाच. पण ६.६ केव्हीसाठी लावलेलं सेटिंग लॉक रोटर टेस्टच्या १ केव्हीवर उचलत नाही, कारण ओपन डेल्टाचं व्होल्टेजही त्याच प्रमाणात घटतं. खर्च परवडत असेल तर झिगझॅगच बसवा.

रेशोने व्होल्टेज काढणे

एलटीचं (४१५ व्होल्टच्या बाजूचं) रीडिंग गुणिले ट्रान्सफॉर्मरचा रेशो हा हिशोब लोडवर चुकतो. नो-लोड मोटरचा करंट जवळजवळ पूर्ण लॅगिंग (व्होल्टेजच्या मागे पडणारा) असतो, त्यामुळे प्रत्यक्ष व्होल्टेज कमी भरतं. नुसती लांब केबल टेस्टला असेल तर उलट ते वाढतं. एचटी पीटीवरच मोजा.

रेग्युलेटर वर असताना चालू करणे

ट्रिप झाल्यावर रेग्युलेटर जागेवरच राहतो. तसाच पुन्हा चालू केला तर ट्रान्सफॉर्मरचा इनरश (चालू करतानाचा क्षणिक मोठा करंट) आणि मोटरचा सहापट स्टार्टिंग करंट एकदम येतो. ट्रान्सफॉर्मर मोटरच्याच केव्हीएचा आणि ६ टक्के इम्पीडन्सचा असला, तरी मोटरला साधारण ७३ टक्केच व्होल्टेज पोचतं. शून्याच्या लिमिट स्विचशिवाय ब्रेकर लागताच कामा नये. बंद करतानाही आधी व्होल्टेज उतरवा. वर असताना व्हॅक्यूम ब्रेकरने तोडलं तर करंट चॉपिंगचा (करंट शून्यावर येण्याआधीच तुटल्याचा) सर्ज वाइंडिंगच्या पहिल्या काही वेढ्यांवर बसतो; त्यासाठी मोटरच्या टर्मिनलजवळ आरसी (रेझिस्टर-कपॅसिटर) सप्रेसर हवा.

चार जोडण्यांना एकच सेटिंग

४०० केव्हीएचा एचटी करंट १२.६ केव्हीवर १८ अँपिअर, तर ३.६४ केव्हीवर ६३. सीटी (करंट मोजायचा ट्रान्सफॉर्मर) एचटी बाजूला असेल तर एका जोडणीचं ओव्हरकरंट सेटिंग दुसरीत निरुपयोगी ठरतं. रिलेत सेटिंगचे चार ग्रुप ठेवा, लिंकच्या खोक्यातल्या ऑक्झिलरी स्विचवरून ग्रुप आपोआप बदलू द्या, आणि लिंक व ग्रुप जुळत नसतील तर क्लोजिंग सर्किट तोडा. लिंकच्या खोक्याची किल्ली एचटी अर्थ स्विच लावल्यावरच सुटेल, अशी इंटरलॉक करा.