जोडीने साहसकादंबरी लिहिताय? आमच्या या चुका टाळा

आम्ही दोघं कॉलेजपासूनचे मित्र, दोघंही गडांवर भटकणारे. हरिश्चंद्रगडाच्या परिसरात घडणारी किशोरांसाठीची एक साहसकादंबरी आम्ही मिळून लिहिली. लिहिताना भांडण एकदाही झालं नाही, आणि पहिला खर्डा बिघडला तो त्यामुळेच. त्याच्या प्रकरणाला मी हात लावायचा नाही, माझ्या प्रकरणाला त्याने. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

नायकाला कड्यावर लटकवून फाइल पाठवून देणे

"एक प्रकरण तुझं, एक माझं," एवढंच ठरलं होतं. आराखडा नव्हता. मग काय, जो तो प्रकरणाच्या शेवटी पोरांना संकटात टाकून मोकळा! मी दोर तोडला, त्याने कड्यावर झाड उगवलं. त्याने पोरांना गुहेत कोंडलं, मी गुहेला मागून भोक पाडलं. अकराव्या प्रकरणापर्यंत आयत्या वेळी हाताशी येणारी फांदी चार वेळा आली होती. माझ्या भाचीने खर्डा वाचून विचारलं, "मामा, तिथे एवढी झाडं आहेत तर ती पोरं घाबरतात कशाला?"

यावर आम्ही नियम केला: जो लटकवेल त्यानेच सुटका कशी होणार हे दोन ओळींत लिहून द्यायचं. आणि सुटकेला लागणारी वस्तू आधीच्या एखाद्या प्रकरणात वाचकाच्या नजरेखालून गेलेली हवी.

चंद्र, सूर्य आणि पाऊस ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडणे

माझ्या चौथ्या प्रकरणात अमावास्येच्या काळोखात नकाशा चोरीला जातो. त्याच्या सहाव्या प्रकरणात, कथेतल्या फक्त चार रात्रींनंतर, मध्यरात्री लख्ख चांदण्यात पाठलाग. शुद्ध चतुर्थीची कोर नऊ-दहाच्या सुमारास मावळून गेलेली असते. पुढे पौर्णिमेनंतरच्या चौथ्या दिवशी मीही तीच माती खाल्ली. संध्याकाळी साडेसातला चंद्रप्रकाश! ज्या घरात संकष्टीला चंद्रोदयासाठी नऊपर्यंत ताटकळत बसतात, तिथल्या पोराने हे लिहावं म्हणजे कमाल आहे.

सूर्याचीही तीच गत. कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे. आमच्या एका प्रसंगात पोरं कड्यावर बसून समोर सूर्यास्त बघतात आणि त्याच क्षणी खालच्या ढगांत त्यांना इंद्रवज्र दिसतं. वाचायला झकास. पण ते गोल इंद्रधनुष्य दिसायला सूर्य पाठीमागे आणि धुकं समोर लागतं, म्हणजे त्या कड्यावर सकाळची वेळ हवी. सूर्यास्त मी लिहिला होता, इंद्रवज्र त्याने घातलं होतं. दोघांनाही खटकलं होतं आणि दोघंही गप्प बसलो. शेवटी मी विषय काढला तेव्हा तो म्हणाला, "अरे, मला वाटलं तुला आवडलंय!"

तिसरी चूक तर लाज आणणारी. गडाच्या पायथ्याच्या बेलपाड्याहून नळीच्या वाटेने, म्हणजे घळीतून चढणाऱ्या वाटेने, त्याने पोरांना ऐन श्रावणात वर चढवलं. पावसाळ्यात त्या नळीतून पाणी आणि दगड खाली येत असतात. पुस्तक वाचून कुणी खरंच गेलं तर? ती चढाई आम्ही डिसेंबरात नेली आणि पावसातला प्रसंग पाचनईच्या वाटेवर हलवला.

कथा ज्या वर्षी घडते त्या वर्षाचं कालनिर्णय समोर ठेवा. प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर तिथी, वेळ, ठिकाण आणि कोणाच्या पाठीवर काय सामान आहे, एवढं टिपून ठेवा. छापताना काढून टाकता येतं.

एकाच माणसाच्या तोंडी दोन बोली

आमचे वाटाड्ये मामा माझ्या प्रकरणात "पोरांनो, तिकडं जायचं न्हाय" म्हणायचे आणि त्याच्या प्रकरणात "तिकडे जाणे धोक्याचे आहे." पात्रं वाटून घ्या. मामांचे सगळे संवाद, सगळ्या प्रकरणांतले, शेवटी एकाच्याच हातून जाऊ द्या.

फायलींबद्दल थोडक्यात: "अंतिम", "अंतिम २" आणि "खरंच अंतिम" अशी नावं देऊ नका. तारीख घाला.

"आपल्यात कसला करार?"

हे वाक्य ऐकलं की त्याच दिवशी करार करा. प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा १९५७ चा. दोघांचं काम एकमेकांपासून वेगळं काढता येत नसेल तर ती संयुक्त कृती ठरते आणि तिचा हक्क दोघांपैकी जो नंतर जाईल त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. म्हणजे पुढे नातवंडं एकमेकांना ओळखत नसतानाही हिशेब चालू! प्रकरणं वाटून लिहिली असतील तर "संयुक्त की वेगळं" यावरच घोळ होऊ शकतो, म्हणून ते लिहूनच ठेवा. मुखपृष्ठावर कोणाचं नाव आधी, मानधन कसं वाटायचं, दुसरा भाग एकट्याने लिहिता येईल का, हेही.

प्रकाशकाशी करार दोघांच्या सह्यांनी करा आणि त्यात मुदत घाला. हक्क लेखी दिले पण मुदत लिहिली नाही, तर कायदा ती पाच वर्षं धरतो. स्वतः छापणार असाल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, भारतात फुकट मिळतो, त्यासाठी कोणी पैसे मागितले तर सावध व्हा.

मुद्रितं (छपाईआधी तपासायच्या प्रती) एकानेच वाचणे

पानं भरली २१२. सोळा पानांचा एक फॉर्म, तेरा फॉर्म म्हणजे २०८. उरलेल्या चार पानांसाठी खर्च वाढवण्यापेक्षा आम्ही एक फांदी कापली, वाचक वाचले.

खरा घात अक्षरांनी केला. मजकूर युनिकोडमध्ये होता, छापखान्याचं सॉफ्टवेअर जुन्या फॉन्टचं. बदलताना "ऱ्य" जाऊन सगळीकडे "र्य" झाला. "दऱ्या"चा "दर्या" आणि "सुऱ्या"चा "सुर्या". "र्य" शोधून एकेक जागा तपासा, आणि दोघांनी वेगवेगळ्या कागदी प्रतींवर तपासा, कारण आपलं लिहिलेलं आपल्याला डोळ्यांनी नाही, आठवणीने दिसतं.

आम्ही वेळ वाचवण्यासाठी अर्धी अर्धी प्रकरणं वाटून घेतली, तीही आपापलीच. पान ११८ वर पोरं सह्याद्रीच्या ऐन मध्यावर कंदील घेऊन दर्यात उतरतात. छापलेल्या प्रत्येक प्रतीत.