लिनक्सवर ४के १२० हर्ट्झ हवंय? मग आधी पोर्ट बघा

लिनक्सच्या पीसीला ४के १२० हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारा) मोठा मॉनिटर किंवा टीव्ही जोडायचा असेल, तर खोक्यावरच्या 'एचडीएमआय २.१' या शिक्क्यावर जाऊ नका. एक तर २.१ मधल्या बऱ्याच सोयी ऐच्छिक आहेत, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून काही कळत नाही. दुसरं म्हणजे ग्राफिक्स कार्ड एएमडीचं असेल तर खरी अडचण वेगळीच आहे. एएमडीने लिनक्सच्या ओपन सोर्स (खुल्या कोडच्या) ड्रायव्हरमध्ये २.१ आणायची तयारी केली होती, पण २०२४ च्या फेब्रुवारीत एचडीएमआयचे नियम ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमने परवानगी नाकारली. कार्ड तेच, केबल तीच; विंडोजच्या बंद ड्रायव्हरला जे चालतं ते खुल्या ड्रायव्हरला नाही. याला मी तरी तांत्रिक मर्यादा म्हणणार नाही. एनव्हिडियाचं जमतं, कारण त्यांचा तो भाग बंद कोडमध्येच राहतो.

तेव्हा मॉनिटर घेताना डिस्प्लेपोर्ट (चित्र नेणारं एचडीएमआयसारखंच दुसरं पोर्ट) १.४ किंवा त्यापुढचं आहे ना, एवढं पक्कं करा आणि तीच केबल लावा. विषय संपला.

टीव्हीचं मात्र अवघड आहे, कारण बहुतेक टीव्हींना डिस्प्लेपोर्ट नसतंच. २.१ नाही म्हटल्यावर उरतं एचडीएमआय २.०, आणि त्याची मर्यादा सेकंदाला १८ गिगाबिट. तेवढ्यात ४के १२० बसवायचं तर रंगांची माहिती कापावी लागते, म्हणजे ४:२:०. सेटिंगमध्ये १२० दिसलं म्हणून खूश होऊ नका. काळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल अक्षरं लिहून बघा. कडा फुटल्यासारख्या, माखलेल्या दिसल्या तर रंग कापले जातायत. सिनेमाला हे चालून जातं. टर्मिनल वाचताना डोळे दुखतात.

यावर उपाय म्हणजे डिस्प्लेपोर्टवरून एचडीएमआय २.१ देणारा अॅडॅप्टर. तो 'अॅक्टिव्ह'च हवा. स्वस्त पॅसिव्ह अॅडॅप्टर कार्डाकडूनच एचडीएमआय सिग्नल मागतो, म्हणजे पुन्हा त्याच भिंतीवर डोकं. अॅक्टिव्हमध्ये रूपांतर त्याची स्वतःची चिप करते, ड्रायव्हरला एचडीएमआयशी देणंघेणं राहत नाही. दिशाही नीट वाचा, उलट दिशेचे अॅडॅप्टर दिसायला हुबेहूब असतात. व्हीआरआर (गेमच्या वेगानुसार स्क्रीनचे हर्ट्झ बदलणं) चालेलच असं नाही. ते चिपच्या फर्मवेअरवर अवलंबून असतं, म्हणून परत करता येईल अशाच ठिकाणाहून घ्या.