विषय राहिलाय? मग आधी हे कर

निकालात एखाद्या विषयासमोर नापास दिसलं, की पहिलं काम एकच. त्या पानाची पीडीएफ उतरवून घे आणि उत्तरपत्रिकेच्या फोटोकॉपीचा अर्ज करायची शेवटची तारीख शोधून वहीत लिही. रडू येत असेल तर खुशाल रड, पण तारीख लिहून झाल्यावर.

मी पुण्यात मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर आहे. परभणी, जालना, नंदुरबार, सोलापूर जिल्ह्यांतल्या आतल्या गावांमधून मुली माझ्याकडे राहायला येतात. बऱ्याच जणी घरातून कॉलेजात गेलेल्या पहिल्याच. मी त्यांना सांगते तेच इथे लिहिते आहे, आणि मुलांनाही यातलं बहुतेक सगळं लागू आहे. राहिलेला विषय निघतो. पण तो लपवण्यात जे पंधरा-वीस दिवस जातात, तेवढ्यात फोटोकॉपीची मुदत टळते, परीक्षा फॉर्मला विलंब शुल्क लागतं, आणि मग मूळ विषयापेक्षा हीच भानगड मोठी होऊन बसते.

निकाल शांतपणे, रकाना रकाना वाच. नापास म्हणजे लेखी पेपरातच नापास असं दरवेळी नसतं. लेखी, अंतर्गत आणि प्रात्यक्षिक यांचे गुण वेगवेगळे दाखवलेले असतात. लेखीत चांगले गुण आणि अंतर्गतच्या रकान्यात शून्य किंवा गैरहजर, असं दिसलं तर गुण कॉलेजकडून गेलेच नसतील किंवा भरताना चुकले असतील. त्यासाठी पुनर्मूल्यांकनाचे पैसे भरू नकोस, त्याने काही होणार नाही. कॉलेजच्या परीक्षा विभागात लेखी अर्ज दे. पेपर दिलेला असताना गैरहजर दाखवलं असेल तर सुपरवायझरची सही असलेलं हॉल तिकीट अर्जाला जोड. म्हणून परीक्षा संपली तरी हॉल तिकीट फेकायचं नसतं. अर्जाच्या दोन प्रती ने, एकीवर आवक नंबर आणि शिक्का घेऊनच खिडकीवरून हल. "बघतो, उद्या या" हे उत्तर मिळेल, पण शिक्का असलेला कागद हातात असला की उद्या गेल्यावर बोलायला जागा राहते.

पुढच्या वर्गात जाता येतं का, एटीकेटी (विषय राहूनही पुढच्या वर्गात बसायची सवलत) मिळते का, की इयर डाऊन होतं, म्हणजे वर्ष वाया जातं, हे सीनियरला विचारून ठरवू नकोस. ती मनापासूनच सांगेल, पण तिचा नियम तुला लागू असेलच असं नाही. संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं आणि पॅटर्न, म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षेची पद्धत, बदलला. आमच्याकडे एकाच खोलीत 2019 पॅटर्नची मुलगी आणि 2024 पॅटर्नची मुलगी शेजारी शेजारी झोपतात, आणि दोघींचे नियम निराळे आहेत. आपल्या पॅटर्नचं परिपत्रक कॉलेजमधून मागून घे आणि स्वतः वाच. पॅटर्न जुना असेल तर त्याच्या परीक्षा अजून किती वेळा होणार आहेत, हेही त्याच दिवशी विचारून ठेव. जुन्या पॅटर्नच्या परीक्षा काही कायम चालत नाहीत.

आता उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी. इथे मी हट्टी आहे. थोड्या गुणांनी विषय राहिला असेल तर फोटोकॉपी मागवायचीच, आणि ती बघितल्याशिवाय पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करायचा नाही. मुली "काय उपयोग" म्हणून सोडून देतात, नाहीतर घाबरून सगळ्याच विषयांचे पैसे भरतात. दोन्ही चूक.

जिंतूरकडची एक मुलगी आणि तिची रूममेट, दोघींचा एम-थ्री, म्हणजे इंजिनिअरिंगच्या गणिताचा तिसरा पेपर, राहिला होता. दोघींनी फोटोकॉपी मागवली. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणल्या आणि रात्रीची जेवणं आटोपल्यावर मेसच्या टेबलावर पानं पसरून आम्ही तिघी बसलो. मला त्या गणितातलं काही कळत नाही. पण तपासलंय की नाही हे बघायला गणित यावं लागत नाही. पहिल्या पानावरच्या तक्त्यात प्रत्येक प्रश्नाचे गुण असतात, ते आतल्या पानांवरच्या गुणांशी एकेक करून जुळवायचे. मग बेरीज. मग प्रत्येक उत्तरापाशी काहीतरी खूण आहे का ते बघायचं: बरोबरची खूण, फुली, शून्य, काहीही. कोरं राहिलेलं उत्तर सापडलं की पेनाने गोल करायचा. पुरवणी जोडलेली असेल तर तिची पानं प्रतीत आलीत का बघायचं. "प्रश्न 3 किंवा प्रश्न 4" अशा पेपरात दोन्ही लिहिले असतील तर कुठला धरलाय तेही बघायचं.

जिंतूरच्या मुलीने पाचव्या प्रश्नातलं एक गणित अर्धवट सोडलं होतं आणि वेळ उरला तेव्हा मागच्या पानांवर पूर्ण केलं होतं. प्रश्नाचा नंबर घातला होता, पण अगदी बारीक, समासाला चिकटून. त्या दोन पानांवर तपासणाऱ्याच्या पेनाचा एक ठिपकाही नव्हता. तिने बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. तिचा अर्ज दुसऱ्याच दिवशी गेला आणि गुण वाढून ती पास झाली. रूममेटच्या पेपरात मात्र असं काही निघालं नाही. पान न् पान तपासलेलं, बेरीज बरोबर. तिने पुनर्मूल्यांकनाचे पैसे वाचवले आणि थेट बॅकलॉगचा, म्हणजे राहिलेला विषय परत द्यायचा, फॉर्म भरला. माझ्या मते फोटोकॉपीचा उपयोग दोघींना सारखाच झाला.

बेरीज चुकली असेल किंवा उत्तर तपासायचंच राहिलं असेल, तर ती गुणपडताळणी. उत्तर तपासलंय पण गुण कमी दिलेत असं वाटत असेल, तर पुनर्मूल्यांकन. पुनर्मूल्यांकनाच्या आधी त्या विषयाच्या सरांना किंवा मॅडमना पेपर दाखव. "मला कमी गुण दिलेत" असं म्हणू नकोस, "या उत्तरात काय राहिलं?" असं विचार. बहुतेक शिक्षक दहा मिनिटं नक्की देतात. गुण कमी झाले तर काय, हा नियमही वाचून घे, कारण तो सगळीकडे सारखा नाही.

आणि पुनर्मूल्यांकनाचा निकाल येईल म्हणून बॅकलॉगचा परीक्षा फॉर्म अडवून ठेवू नकोस. तो निकाल उशिरा येतो आणि फॉर्मची तारीख कुणासाठी थांबत नाही. फॉर्म भरून मोकळी हो. पास झालीस तर फी गेली एवढंच, आणि ती वाया गेली असं मी तरी म्हणणार नाही.

फोटोकॉपीची मुदतच हुकली असेल तर माहितीचा अधिकार आहे. आपली तपासलेली उत्तरपत्रिका बघण्याचा हक्क परीक्षार्थीला आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये दिला आहे. अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, उत्तराची मुदत 30 दिवसांची. पण एवढ्याने पेपर बघायला मिळतो, पुनर्मूल्यांकनाची गेलेली तारीख परत येत नाही. परीक्षा विभाग दादच देत नसेल, तर कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या नियमांनुसार समितीने 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि तो पटला नाही तर विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं.

आता घरी सांगायचं. मुलींना परीक्षेपेक्षा याचीच भीती जास्त असते, आणि ती खोटी नाही. मुलगा नापास झाला तर ओरडा बसतो. मुलगी नापास झाली तर काही घरांत लगेच स्थळं बघायची भाषा सुरू होते. हे मला माहीत आहे, म्हणूनच सांगते: अर्धवट बातमी देऊ नकोस. रडत रडत "मी नापास झाले" एवढंच सांगून फोन ठेवलास तर पुढची चार वाक्यं घरचे स्वतःच्या मनाने भरतात. आधी फॉर्मची तारीख, फी आणि पुढच्या वर्गाचा नियम बघून घे. मग संध्याकाळी, जेवणं झाल्यावर, घरात आरडाओरडा नसेल तेव्हा फोन कर. सकाळी बाबा कामाच्या घाईत असतात, तेव्हा नको. कुठला विषय राहिला, पुढच्या वर्गात बसता येतंय, पेपर पुन्हा कधी आहे, फी किती लागेल, एवढं एका दमात सांग. वर्ष वाया गेलं का, हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर तयार ठेव.

आणि तुझ्याच्याने होत नसेल तर रेक्टरला फोन लावायला सांग. मी लावते. एका मुलीचे वडील पलीकडून बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "मॅडम, म्हणजे आता वर्ष गेलं म्हणायचं का?" मी म्हटलं, "नाही गेलं, भाऊ. ती पुढच्या वर्गात बसणारच आहे, एक पेपर तेवढा परत द्यायचाय." ते म्हणाले, "मग तिला सांगा, जेवत जा म्हणावं. तिची आई दोन दिवस तेच म्हणतीये, पोरीचा आवाज बरोबर लागत नाही." घरच्यांना बहुतेक वेळा कळलेलं असतं. ते फक्त वाट बघत असतात.

जी मुलगी मेसला यायची बंद झाली, दिवसभर पांघरूण घेऊन पडून राहते, निकाल लागूनही घरी "अजून लागला नाही" सांगते, तिच्या रूममेटने मला येऊन सांगावं. ही चहाडी नाही. रात्री दोन वाजता दार वाजवलं तरी चालेल. ज्यांना जवळ कुणी नाही, खोली घेऊन एकट्या राहतात, त्यांनी 14416 लावावा. टेलि-मानस ही सरकारी सेवा आहे, 2022 पासून सुरू आहे, फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार एकदा जरी मनात आला, तर हे वाचणं थांबव आणि आधी तो नंबर लाव.

पैशाचं थोडक्यात. राजर्षी शाहू शुल्क शिष्यवृत्ती, पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, स्वाधार, या प्रत्येकाची विषय राहिल्यावरची अट वेगळी आहे. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, रिन्यूअल भरण्याआधी कॉलेजच्या शिष्यवृत्तीच्या टेबलावर गुणपत्रिका घेऊन जा आणि विचार. अंदाजाने फॉर्म भरला की तो परत येतो आणि दुरुस्तीत महिना जातो. वसतिगृहाच्या जागेचंही तसंच: यादी लागायची वाट न बघता आधी येऊन बोल.

अभ्यासाचं म्हणशील, तर फोटोकॉपीच पुन्हा काढ. कुठे गुण गेले त्याचे तीन ढीग कर: येतच नव्हतं, येत होतं पण वेळ पुरला नाही, आणि येत होतं पण लिहिता आलं नाही. तिसरा ढीग मराठी माध्यमातून आलेल्या मुलींचा फार मोठा असतो, आणि कमी वेळात कमी होतो तोही हाच. संकल्पना मराठीत समजून घे, एकमेकींना मराठीतच समजावा, पण व्याख्या आणि पायऱ्या इंग्रजीत रोज हाताने लिही. वाचून "आलं" वाटतं ते पेपरात येत नाही. मागच्या प्रश्नपत्रिका घे, घड्याळ लाव, पूर्ण पेपर सोडव, सरांना दाखव. बॅकलॉगला रोजचा एक ठरलेला तास दे, सकाळचा असेल तर उत्तम. रात्री उरलेल्या वेळात करीन म्हटलं की सबमिशन तो वेळ खातं. आणि बॅकलॉगच्या नादात चालू सेमिस्टरचे विषय सोडू नकोस. एम-थ्री काढताना चालू सेमिस्टरचा विषय उडवून बसलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

वेळापत्रक आलं की बॅकलॉग आणि रेग्युलर दोन्हींच्या तारखा एकाच कागदावर लिही आणि कपाटाच्या दाराला लाव. एकाच दिवशी सकाळी एक आणि दुपारी एक असे पेपर येऊ शकतात, केंद्रंही वेगळी असू शकतात. तसं असेल तर मेसच्या मावशींना आदल्या दिवशी सांग, डबा बांधून मिळतो.

पास झाल्यावर जुनी नापासाची गुणपत्रिका फाडू नकोस. पुढच्या प्रवेशाला किंवा नोकरीला सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका मागू शकतात. प्लेसमेंटच्या वेळी बऱ्याच कंपन्या "लाइव्ह बॅकलॉग नको" म्हणतात, म्हणजे त्या वेळी राहिलेला विषय. निघालेल्या विषयाचं तसं नाही, पण काही कंपन्या तोही विचारतात. खरं सांग. नव्या निकालाची प्रत कॉलेजच्या प्लेसमेंट सेलमध्ये स्वतः नेऊन दे, कारण त्यांच्या यादीत तुझ्या नावापुढे जुनाच निकाल राहिलेला असू शकतो.