कारच्या प्लँटमध्ये इंजिनिअरची मुलाखत: पॅनल नेमकं काय तपासतं

चाकण, रांजणगाव किंवा नाशिकच्या कार प्लँटमधून प्रॉडक्शन किंवा क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी बोलावणं आलं की बहुतेक जण आधी थर्मोडायनॅमिक्सच्या वह्या काढतात. ओटो सायकल (पेट्रोल इंजिनाचं चक्र) एखाद्या वेळी विचारतातही. पण टेक्निकल राउंडला समोर बसतो तो बहुधा शॉपचा, म्हणजे प्लँटमधल्या एका विभागाचा, मॅनेजर. लाइन अडली तर समोरचा काय करेल, हे त्याला बघायचं असतं.

म्हणून एचआरचा फोन आला की लगेच विचारून घ्या: जागा कुठल्या शॉपची? प्रेस, बॉडी, पेंट की असेंब्ली? तयारी त्यावर ठरते. बॉडी शॉप असेल तर स्पॉट वेल्डिंगचे करंट, वेळ आणि इलेक्ट्रोडचा दाब हे तिन्ही तोंडावर हवेत. इलेक्ट्रोडची टिप झिजून चपटी झाली की तोच करंट जास्त जागेवर पसरतो, नगेट (पत्रे वितळून जुळतात तो ठिपका) लहान पडतो आणि छिन्नी मारली की वेल्ड सुटतो. टिप ड्रेसिंग (टिप घासून पुन्हा आकारात आणणं) का करतात, याचं उत्तर एवढंच. पेंट शॉपसाठी प्री-ट्रीटमेंट, ईडी कोट (विजेच्या साह्याने बसवलेला गंजरोधक थर), सीलर, प्रायमर, बेसकोट, क्लिअरकोट हा क्रम पाठ करा आणि क्रेटर (रंगातले बारीक खड्डे) कशाने पडतात ते वाचून जा. (सिलिकॉनवालं हेअर क्रीम लावून तिथे आत जाता येत नाही, ते याचमुळे.)

असेंब्लीत टॅक्ट टाइमचं, म्हणजे एका गाडीमागे किती वेळ मिळतो त्याचं, गणित कागदावर करायला देतात. शिफ्ट ४८० मिनिटांची, जेवण ३० मिनिटं, चहा १० मिनिटांचा दोनदा. उरली ४३० मिनिटं, म्हणजे २५,८०० सेकंद. गाड्या २१५ काढायच्या, तर टॅक्ट १२० सेकंद. निम्मी चूक सुट्ट्या वजा न करण्यात होते. पुढचा प्रश्न ठरलेला: एका स्टेशनला १३० सेकंद लागतात, काय कराल? 'आणखी एक माणूस देऊ' हे उत्तर सगळ्यात शेवटी द्या. आधी चालण्यात आणि पार्ट उचलण्यात किती सेकंद जातात ते मोजा, मग एखादं काम शेजारच्या स्टेशनकडे सरकतं का ते बघा.

क्वालिटीला सीपीके सुटत नाही. मापांचा पसारा मर्यादेत किती आरामात बसतो ते सीपी सांगतो; सरासरी मधून सरकली असेल तर तेही धरतो तो सीपीके. व्याख्या पाठ करण्यापेक्षा एक गणित हाताने सोडवा. बोअर १०.०० ± ०.१० मिमी, सरासरी १०.०४, सिग्मा (मापं सरासरीभोवती किती पसरतात ते) ०.०२. सीपी येतो ०.२० (पूर्ण टॉलरन्स) भागिले ०.१२ (सहा सिग्मा), म्हणजे १.६७. सीपीके येतो ०.०६ (सरासरीपासून वरच्या मर्यादेपर्यंतचं अंतर) भागिले ०.०६ (तीन सिग्मा), म्हणजे १.००. मशीनमध्ये दम आहे, सेटिंग सरकलंय. ऑफसेट दुरुस्त करायचा, नवं मशीन मागायचं नाही. हे शेवटचं वाक्य पॅनलला ऐकायचं असतं. अनुभवी असाल तर पीएफएमईएमध्ये (प्रक्रियेत काय बिघडू शकतं त्याच्या आधीच केलेल्या विश्लेषणात) आरपीएनवर, म्हणजे धोक्याच्या गुणाकाराने येणाऱ्या आकड्यावर, थांबू नका. २०१९च्या एआयएजी-व्हीडीए (अमेरिकन आणि जर्मन वाहन उद्योग संघटनांच्या) हँडबुकने त्याजागी अ‍ॅक्शन प्रायॉरिटी (कुठे आधी उपाय करायचा ते ठरवणारा क्रम) आणली आहे.

खरी परीक्षा अशा प्रश्नात असते: 'ऑडिटमध्ये सस्पेन्शनचा एक बोल्ट ढिला सापडला. काय कराल?' दहातले आठ जण लगेच फाइव्ह-व्हाय (मूळ कारणापर्यंत जायला पुन्हा पुन्हा 'का?' विचारणं) सुरू करतात. कारण नंतर शोधा. आधी ती गाडी होल्ड करा. मग शेवटचं ओके चेकिंग कधी झालं ते काढा आणि तिथपासून पुढे गेलेली प्रत्येक गाडी संशयित धरा, यार्डातली आणि डिस्पॅच झालेलीसुद्धा. कॅलिब्रेटेड टॉर्क रेंचने घट्ट करायच्या दिशेने तपासा, बोल्ट पहिल्यांदा हलतो ते रीडिंग नोंदवा, तपासलेल्या बोल्टवर मार्किंग करा. त्यानंतर कारण. इथे उलटा प्रश्न येतो: नटरनरने (बोल्ट आवळणाऱ्या मशीनने) टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ओके दाखवला, तरी बोल्ट ढिला कसा? टॉर्कचा साधारण ९० टक्के भाग डोक्याखालच्या आणि आट्यांतल्या घर्षणात जातो. क्लॅम्पिंगला (भाग आवळून धरायला) जेमतेम १० टक्के उरतो. आट्यात पेंट किंवा कचरा असला की घर्षण वाढतं, टॉर्क भरतो, पण जॉइंट आवळत नाही. तेल लागलं तर उलटं होतं: त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. म्हणूनच महत्त्वाच्या जॉइंटवर टॉर्कबरोबर अँगलही (बोल्ट किती अंश फिरला ते) बघतात.

स्वतःच्या प्रोजेक्टबद्दल 'आम्ही रिजेक्शन कमी केलं' म्हणालात की 'तुम्ही काय केलंत?' येतंच. कितीवरून कितीवर आलं, किती महिन्यांत, आणि त्यातलं तुमचं काम कुठलं, एवढं तयार ठेवा. इंग्रजीत अडलात तर हिंदीत सांगू का, असं सरळ विचारा. चुकीचं इंग्रजी एक वेळ चालतं, गोलगोल उत्तर नाही.

एचआर राउंडला रात्रपाळीचं विचारतात. जमणार नसेल तर तिथेच सांगा. मुलाखतीसाठी किंवा ऑफर लेटरसाठी पैसे भरायला सांगणारा मेल बनावट समजा. मेडिकलला चष्मा न्या, डोळ्यांत रंगांचीही तपासणी होऊ शकते. आणि मेडिकल फिट होऊन लेखी ऑफर हातात पडेपर्यंत जुन्या कंपनीत राजीनामा देऊ नका.