किंग ऑफ फायटर्समध्ये टीम कुठे फसते: या चुका टाळा

नागपूरच्या महाल भागातल्या एका व्हिडिओ गेम पार्लरमध्ये आमच्या लहानपणी ‘किंग ऑफ फायटर्स ९७’ हा मारामारीचा गेम लागलेला असायचा. कॉइन टाकलं की जवळपास प्रत्येक पोट्टा त्यातला इओरी नावाचा फायटर घ्यायचा, आणि तोही पहिल्या नंबरवर. इओरी पडला की उरलेले दोघं कसेबसे संपवायचे आणि पुढच्याला जागा द्यायची. आता रविवारी मानेवाड्याला मित्राकडे आम्ही याच मालिकेतला २०२२ चा ‘किंग ऑफ फायटर्स १५’ खेळतो. नवीन येणारी मुलं हुशार आहेत, बोटंही त्यांची आमच्यापेक्षा जलद चालतात, तरी टीम लावताना नेमकं तेच करतात.

एसएनके कंपनीने १९९४ मध्ये पहिला भाग काढला तेव्हापासून या खेळाचा कणा एकच आहे: तिघांची टीम. एक हरला की दुसरा येतो, आणि जिंकलेला उरलेल्या लाइफवर, थोडीशी परत मिळवून, तसाच पुढे लढतो. पहिल्या भागात टीम ठरलेल्या होत्या. मनासारखे तिघं निवडायची सोय ९५ च्या भागापासून आली, आणि तेव्हापासूनच क्रम चुकवायचीही सोय झाली.

१५ मध्ये पॉवर गेज म्हणजे लढता लढता भरत जाणारी पट्टी, ती खर्चून मोठे फटके मारता येतात. टीममधल्या पहिल्या खेळाडूला तिचे जास्तीत जास्त ३ बार साठवता येतात, दुसऱ्याला ४, तिसऱ्याला ५. न वापरलेले बार तुमच्याच पुढच्या खेळाडूकडे जातात. आता विचार करा, ज्याचा सगळा जोर सुपरवर, म्हणजे बार खर्चून मारायच्या खास फटक्यावर आहे असा खेळाडू पहिला ठेवला तर तो उभा राहतो जवळपास रिकाम्या हाताने, आणि तिसऱ्या नंबरवर ५ बार मिळतात ते ज्याला त्यांचं फारसं काही करता येत नाही त्याला. म्हणून पहिला असा घ्या, जो साध्या फटक्यांवर जिंकू शकतो आणि मारता मारता गेज भरतो. आमच्यात त्याला बॅटरी म्हणतात. शेवटचा म्हणजे अँकर. तो मोठा कॉम्बो, म्हणजे एकामागोमाग जोडलेले फटके लावणारा हवा, एका संधीत सामना फिरवणारा. कोण कुठे बसतो हे यादी बघून ठरवू नका. ट्रेनिंग मोडमध्ये एकही बार न वापरता तुमच्या तिघांचे कॉम्बो लावून बघा. बिनगेजचं नुकसान ज्याचं सर्वात चांगलं, तो पुढे.

याची उलटी चूकही बघतो. कुणीतरी सांगितलेलं असतं, ‘पहिल्याने बार वाचवायचे’, मग पोरगा ३ बार भरून तसाच मार खात राहतो. भाऊ, पहिला जिवंत आहे तोवर मर्यादा ३ चीच आहे. गेज भरल्यावर पुढची सगळी कमाई वाया जाते. तिथे एक बार गार्ड कॅन्सल रोलवर, म्हणजे फटका अडवता अडवता लोळून निसटण्यावर घालवून कोपऱ्यातून निघालात तरी तो सार्थकी लागला. समोरच्याची लाइफ एका साध्या सुपरएवढी उरली असेल तरीही बार टाकून मोकळे व्हा. तो वाचला आणि राउंड जिंकला, तर थोडी लाइफ भरून तुमच्या पुढच्या खेळाडूवर चालून येणार. क्लायमॅक्स या सगळ्यात मोठ्या सुपरला मात्र ३ बार लागतात. तो पहिल्या राउंडमध्ये हौस म्हणून मारणं म्हणजे अँकरच्या ताटातलं काढून घेणं.

दुसरी मोठी चूक उडीची. इतर फायटिंग गेममधून आलेली मुलं पूर्ण उडी मारतात आणि समोरचा निवांत बघून वरच्या वर पाडतो. या मालिकेत खरं काम छोट्या उडीचं, म्हणजे हॉपचं आहे. वरची दिशा दाबून लगेच सोडायची, धरून ठेवली की पूर्ण उडी जाते. हॉपमधला फटका बसून अडवता येत नाही, त्यामुळे जो सतत बसून ब्लॉक करतो त्याला हॉपच मारतो. तुम्हीच मार खात असाल तर फटका दिसल्यावर उठायला जाऊ नका, तेवढा वेळच नसतो. उभ्याने मारायचा एखादा जलद फटका आधीच मारून ठेवा, म्हणजे हॉप करणारा त्यावरच येऊन आदळतो. कोणतं बटण चालतं ते प्रत्येक खेळाडूचं वेगळं असतं, शोधून ठेवा.

घाबरलं की रोल करायची, म्हणजे लोळून निसटायची सवयही मोडा. रोलमध्ये फटके लागत नाहीत, पण थ्रो (पकडून आपटणं) लागतो, आणि समोर क्लार्कसारखा पकडणारा असेल तर तो त्याचीच वाट बघत असतो.

मूव्ह निघत नाही ही तक्रार सगळ्यात जास्त. चालत चालत फायरबॉल टाकायला जाता आणि इओरी त्याचा उप्परकट, ओनियाकी, मारतो, कारण ‘पुढे’ आधीच दाबलेलं होतं आणि त्यानंतरचा खाली-पुढे जोडून खेळाने उप्परकटची मूव्ह वाचली. क्षणभर स्टिक मोकळी सोडा, मग टाका. ट्रेनिंग मोडमध्ये इनपुट डिस्प्ले (दाबलेली बटणं स्क्रीनवर दाखवणारी सोय) चालू ठेवला तर बोट कुठे घसरतं ते स्पष्ट दिसतं. तो पंधरा मिनिटं बघणं शंभर सामन्यांपेक्षा उपयोगी पडतं, हे मी मनापासून सांगतो.

कीबोर्डवर खेळणाऱ्यांनी एक तपासा. बर्डीच्या बाजारातून आणलेल्या साध्या कीबोर्डवर तीन-चार कळा एकदम दाबल्या की एखादी पोहोचतच नाही. खाली आणि पुढे धरून दोन अटॅक दाबून बघा. गळत असेल तर कळा बदला, किंवा दोन बटणांचं काम एकाच कळीवर लावा.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा लॅपटॉपचंही डोकं तापतं. गादीवर ठेवून खेळलात की हवा कोंडते, प्रोसेसर वेग कमी करतो, सेकंदाला ६० फ्रेमचा खेळ अडखळतो आणि पाठ झालेला कॉम्बो सुटतो. दोष तुमच्या हाताचा वाटतो, पण नसतो. लॅपटॉप टेबलावर, मागून थोडा उंच ठेवा आणि ग्राफिक्स कमी करा. दुपारी वीज गेली की बॅटरीवर वेग आणखी पडतो, तेव्हा रँक्ड, म्हणजे गुण मोजले जाणारा ऑनलाइन सामना लावू नका.

टीव्हीवर खेळत असाल तर गेम मोड चालू करा, नाहीतर चित्र थोडं उशिरा येतं आणि हॉप दिसेपर्यंत लागलेला असतो.

ऑनलाइनसाठी १५ मध्ये रोलबॅक नेटकोड आहे, म्हणजे समोरच्याचं बटण पोहोचायची वाट न बघता खेळ पुढे चालवतो आणि चुकलं तर मागे जाऊन दुरुस्त करतो, त्यामुळे लांबचा खेळाडूही बरा चालतो. पण दोन खोल्या पलीकडच्या राउटरचं तुटक वायफाय कोणताही नेटकोड सांभाळू शकत नाही. लॅन केबल ओढा, आणि घरात कुणी मोठं डाउनलोड लावलेलं असेल तर ते संपेपर्यंत ट्रेनिंग मोडमध्ये थांबा.